पहिल्या नऊ मिनिटांचा साक्षीदार

बॉयलर बिघडतो तेव्हा आधी त्याचा आवाज बदलतो. नेहमीचा आवाज जाड असतो, बसलेल्या म्हशीच्या श्वासासारखा. त्या दिवशी तो बारीक झाला आणि मधेच थांबला. सव्वीस वर्षं मी बॉयलरवर काढली आहेत. त्या थांबण्याचा अर्थ मला कळला आणि मी पळालो.

ओरडलो नाही. हे आधीच लिहून टाकतो. ‘पळा’ म्हणायला अर्धा सेकंद लागतो. माझ्याकडे चार-पाच सेकंद होते. माझी बायको पुस्तकला तेव्हा वाळवणीच्या पटांगणात धानाची शेवटची ओळ उलटत होती, बॉयलरच्या खोलीपासून पस्तीस पावलांवर. बाकीच्या बाया चहाला गेल्या होत्या. मी गोदामाच्या भिंतीआड पोचलो तेव्हा स्फोट झाला. तरी थांबलो नाही.

आमची राइस मिल साकोलीच्या रस्त्यावर आहे. उकडा तांदूळ बनतो. धान भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं, मग भरडायचं. वाफेचा बॉयलर माझ्याकडे, वाळवण पुस्तकलाकडे. मालकानं बॉयलरला सेन्सर बसवले होते. बिघाड झाला की आमच्या फोनवर इशारा यायचा. त्या दिवशी इशारा स्फोटानंतर आला, तेव्हा अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती आणि मी फाटकाजवळच्या वजनकाट्यापाशी, कोपऱ्यात, डोकं गुडघ्यात घालून बसलो होतो. ॲम्ब्युलन्सला फोन मी पटांगणातून लावला. तेव्हा अकरा एक्कावन्न झाले होते. दोन्ही वेळा माझ्या फोनमध्ये आहेत. मधल्या नऊ मिनिटांत मी काय केलं? काही नाही. बसून राहिलो.

परत गेलो तेव्हा पुस्तकला पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली होती. केसांत धान, चेहरा पांढरा. जखम कुठंच नव्हती.

“आज कोनता वार आहे जी?” तिनं विचारलं.

“शुक्रवार.”

मी तिला पाणी पाजलं. ती प्याली आणि म्हणाली, “आज कोनता वार आहे?”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्यावर खेकसलो, “सांगितलं ना एकदा!”

ॲम्ब्युलन्समधल्या मुलीनं टॅबवर लिहिता लिहिता मला विचारलं, “बेशुद्ध होत्या का? किती वेळ?”

माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, तुम्ही कुठं होता?

“नाही जी,” मी म्हणालो. “शुद्धीतच होती. मी बाजूलेच होतो. हात धरून होतो तिचा.”

हाताचं कुणी विचारलंच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

स्कॅन साफ आला. दोन दिवसांनी घरी आलो.

घरी आल्यावर ती बदलली. ताटली पडली की खाली वाकून बसायची. कुकरची शिट्टी झाली की अंगणात जायची. झोप नाही, डोकं दुखायचं, ट्यूबलाइट सहन होत नसे. भाजीत दोनदा मीठ पडायचं आणि कुणी बोललं की ती रडायची नाही, भांडायची. आधी ती भांडखोर नव्हती. बोलण्यात तिखट होती, पण हसत.

आमची मुलगी कृतिका जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूच्या केंद्रात टेक्निशियन आहे. तिनंच आम्हाला सहा आठवड्यांनी तिथं नेलं. डॉक्टर गभणे मॅडम पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पुस्तकलाला समोर बसवून समजावलं.

“स्फोटात दोन गोष्टी होतात, ताई. हवेचा दाब डोक्यातून जातो आणि मेंदूतले धागे ताणले जातात. फारच बारीक असतात, म्हणून साध्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ही झाली इजा. दुसरं म्हणजे, मेंदू त्या क्षणाला धरून बसतो. तो क्षण अजून संपलाच नाही असं समजून चालतो. हा झाला आघात. झोप उडणं, विसरणं, चिडणं, डोकं दुखणं, दोन्हींत सारखंच. एका घरात दोन भाडेकरू आणि दोघांचे कपडे एकसारखे.”

“मंग कोनाले हाकलाचं बाहेर?” पुस्तकलानं विचारलं.

मॅडम हसल्या. “तेच तर. दोघांनाही घालवता येतं, पण रीत वेगळी. आघातासाठी भीतीकडे हळूहळू जावं लागतं. इजेला आधी जपावं लागतं. डोळ्यांचे व्यायाम, तोल सांभाळायचे व्यायाम, उंचावर चढायचं नाही, डोक्याला दुसरा धक्का लागू द्यायचा नाही. बहुतेक लोकांत दोन्ही असतं. कुणाचा किती वाटा, ते आम्हाला ठरवावं लागतं.”

तो वाटा ठरवणारं यंत्र म्हणजे टोप. त्याचं मोठं नाव आहे, पण केंद्रात सगळे टोपच म्हणतात. स्टीलच्या पातेल्याएवढा, आतून मऊ, शंभरावर टिकल्या असलेला. तो डोक्यावर ठेवला की मेंदूतल्या खुणा वाचतो. पण सहा आठवड्यांनी इजेच्या आणि आघाताच्या खुणा एकमेकींत मिसळतात, आणि मग टोपाला एक गोष्ट बाहेरून सांगावी लागते. पहिल्या दहा मिनिटांत काय झालं? माणूस बेशुद्ध होता का, गोंधळला होता का, तेच तेच विचारत होता का?

“तुम्हाला काय आठवतं?” मॅडमनी विचारलं.

“चिमन्या,” पुस्तकला म्हणाली. “धानावर चिमन्या आल्या होत्या. मी हाकलत होतो. मंग गाडीचं छत. मधलं नाही.”

“ते मधलं भीतीनं पुसलं की इजेनं, हे टोप सांगू शकत नाही. शेजारी असलेला माणूस सांगू शकतो.” मॅडम माझ्याकडे वळल्या. “भाऊ, तुम्ही होता ना?”

कृतिका टोप हातात घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत इतका अभिमान होता की मी खाली बघितलं.

“होतो जी,” मी म्हणालो. “पूर्ण वेळ जागी होती. बोलत होती. मी हात धरून होतो.”

टोपानं वाटा काढला. आघात एक्क्याण्णव टक्के, इजा नऊ.

टोपाचं दुसरं काम उपचाराचं. ते मला माझ्या धंद्यामुळं लवकर कळलं. आठवण काढली की ती काही तास मऊ होते, भिजलेल्या धानासारखी. मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिला जो आकार द्याल त्या आकारात ती वाळते. धानाच्या दाण्याला आत तडा गेलेला असला तरी वाफेत तो सांधतो, म्हणून उकड्या तांदळात कणी कमी पडते. टोप तेच करतो. माणसाला ती घटना सांगायला लावतो, त्याच वेळी भीतीच्या जागा शांत करतो, आणि जिथं आठवणीत भोक आहे तिथं साक्षीदाराचा आवाज ऐकवतो, म्हणजे भोक उघडं राहून पुन्हा भीती शिरत नाही.

साक्षीदार मी. काचेच्या खोलीत बसून मी बोललो. “तू पोत्याले टेकून होती. मी तुह्या बाजूले बसलो. तुहा हात मी सोडला नाही.” सव्वा मिनिटाची नोंद आहे. कृतिकानं ती दोनदा घेतली, कारण पहिल्या वेळी माझा आवाज कापला. तिला वाटलं, मला भरून आलं.

पुस्तकला बरी होऊ लागली. हे खोटं नाही. तिसऱ्या आठवड्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती जागची हलली नाही. झोप लागायला लागली. दहाव्या बैठकीनंतर बसमध्ये माझ्याशेजारी बसून म्हणाली, “आता मले आठवते बरं. तुमच्या हाताले तुसाचा वास येत होता. अन् तुमचा हात थरथरत होता, माहा नाही.”

मी खिडकीबाहेर बघितलं.

“भेले होते ना तुमी?” ती म्हणाली. “तरी बसून राह्यले.”

तिनं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. मिलच्या बाया मला बघून हसायच्या. “हेमराजभाऊ, आमच्या घरच्याले शिकवनी लावा ना. थो तं साप निंगला तरी मले पुढं ढकलते.” सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ. सरपंच म्हणाले, बॉयलर फुटला तरी यानं बायकोचा हात सोडला नाही. पुस्तकला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. शाल खांद्यावर पडली तेव्हा मला घाम फुटला, आणि लोकांना वाटलं, साधा माणूस आहे, लाजला.

भीती गेली. पण जमीन हलायची ती हलतच राहिली.

“चालताना असं वाट्टे की कोनी चटई ओढून रायलं,” ती म्हणायची. भिंतीला बोट लावून चालायची, बोटाचं एकच टोक, कुणाला कळू नये असं. मान वर केली की थांबायची. मॅडमनी फोन केला. “भाऊ, भीतीचं सगळं छान आहे. तोलाचं मला कोडं पडलंय. पहिल्या मिनिटांतलं काही राहिलं का सांगायचं? काहीही. एखादा शब्द दोनदा बोलल्या असतील.”

पुस्तकला समोर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता हातानंच विचारलं, कोण?

आज कोणता वार आहे, आज कोणता वार आहे, आज कोणता वार आहे. जिभेवर होतं माझ्या.

“नाही मॅडम,” मी म्हणालो.

त्या वेळी मी स्वतःला काय समजावलं तेही लिहितो. खरं सांगितलं तर तिची भीती परत येईल. तिचा सगळा आधार त्या हातावर आहे. तिच्याच भल्यासाठी गप्प राहतो. असं समजावलं. पण खरं कारण ती शाल होती, आणि कृतिकाची ती नजर.

मार्चमध्ये नवा बॉयलर बसला आणि मिल सुरू झाली. पुस्तकला म्हणाली, मी जातो कामावर. केंद्राच्या कागदावर लिहिलं होतं, इजा नगण्य, काम करण्यास हरकत नाही. धान भिजवायच्या टाकीला बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे. पाण्याची पातळी बघायला कुणीतरी चढतं. स्फोटानंतर कुठलीच बाई त्या बाजूला जायला तयार नव्हती. पुस्तकला गेली, कारण तिची भीती आम्ही काढून टाकली होती.

“उतर खाली, मी चढतो,” मी म्हणालो.

“राहा ना बाप्पा. बॉयलर पाहा तुमचा.”

वर पोचून तिनं मान वर केली. का ते माहीत नाही. मग तिचा हात सुटला.

तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं, पडण्याचा मार मोठा नव्हता, पण आधीच्या इजेवर बसला.

याला वर्ष झालं. या वर्षात मीच कुकरच्या शिट्टीला अंगणात जाऊ लागलो. कृतिका महिन्यातून दोनदा घरी यायची, बघायची आणि एक दिवस म्हणाली, “बाबा, तुमी बी टोप घाला एकदा. आईच्या बाजूलेच होते ना तुमी? तुमाले बी लागलं असन.”

मी टाळत राहिलो. मग तीच एका सकाळी गाडी घेऊन आली.

केंद्रात बाकावर गिट्टीच्या खाणीतला एक माणूस बसला होता. माझ्याहून लहान, चाळिशीचा असेल. बायको शेजारी. त्याला पाणी हवं होतं म्हणून तो उठला आणि नळाकडे गेला. जाताना त्यानं भिंतीला बोट लावलं. बोटाचं एकच टोक.

कृतिकानं माझ्या डोक्यावर टोप बसवला. तिचे हात आईसारखेच लहान आहेत. वीस मिनिटांनी मॅडम आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

“भाऊ, आघात आहे, भरपूर आहे. त्याचं करू आपण. पण इजा नाही. एकही धागा ताणलेला नाही.” त्यांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. एक माझं, एक पुस्तकलाचं, गेल्यानंतर तपासलेलं. तिच्या चित्रात कडेला लाल रेषा होत्या. “दोन माणसं, एकच जागा, एकच दाब. तिला इतकं आणि तुम्हाला काहीच नाही. एकाच जागी असलेल्या माणसांच्या जोड्या आमच्याकडे सातच आहेत. त्यात तुमची सगळ्यात स्पष्ट. त्यामुळं टोपाच्या शिकण्यात तिला वजन आहे.”

“काय शिकते थो?” मी विचारलं.

“हेच, की पस्तीस पावलांवर स्फोट झाला तर पुरुषाच्या मेंदूला सहसा इजा होत नाही. पुढच्या महिन्यात टोप बारा जिल्ह्यांत जातोय.” त्या बाहेर बघून म्हणाल्या, “ते खाणीतले गृहस्थ साधारण तेवढ्याच अंतरावर होते. त्यांना आत्ता आघाताच्या बाजूला टाकतोय. पुढच्या सोमवारी कामावर.”

“कुठं काम करते थो?”

“क्रशरवर. वरच्या मचाणावर.”

माझ्या डोक्यावर अजून टोप होता. कृतिका त्याचा पट्टा सोडवत होती. मी तिचा हात बाजूला केला, कारण ती स्पर्श करत असताना मला बोलता आलं नसतं.

“मॅडम, मी तिथं नव्हतो.”

“कुठं?”

“पुस्तकलाजवळ. मी पळून गेलो होतो. आवाज बदलला तेव्हाच. ओरडलो बी नाही. नऊ मिनिटांनी आलो. ती बेशुद्ध होती का, मले माहीत नाही. आलो तेव्हा तीनदा वार विचारला तिनं. मी खेकसलो तिच्यावर.”

मॅडमचे कीबोर्डवरचे हात थांबले. नंतर त्यांनी दार उघडून बाहेरच्या नर्सला सांगितलं की खाणीतल्या माणसाचा कागद थांबवा, त्यांना जाऊ देऊ नका, मी पुन्हा बघते. मग त्या परत येऊन बसल्या आणि पुस्तकलाची जुनी नोंद उघडली.

कृतिका माझ्या मागं होती. तिचा आवाज आला.

“मी फोन केलता तुमाले. आईची जमीन हलते म्हनून. मॅडमनं बी केलता.”

“हाव.”

“तवा बी नाही सांगितलं.”

“नाही.”

“अन् थो हात? आई सांगत होती थो हात? तुसाचा वास?”

“तो तिच्या डोक्यात आपन टाकला, बेटा. मी बोललो अन् तू टोप लावला.”

हे मी बोलायला नको होतं. तिला त्यात ओढायला नको होतं. तिनं टोप माझ्या डोक्यावरून काढला, नेहमीसारखा दोन्ही हातांनी, कापडानं पुसून कपाटात ठेवला आणि खोलीबाहेर गेली.

नोंद दुरुस्त करायला एक फॉर्म असतो. साक्षीदार किती अंतरावर होता, हे त्यात मीटरमध्ये लिहावं लागतं. अंदाज चालत नाही. मी मिलमध्ये एकटाच मोजणार होतो. रविवारी सकाळी कृतिका आली. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. आताही बोलली नाही. टेपचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मला दिलं.

टेप पन्नास मीटरचा होता. तीनदा लावावा लागला. दर वेळी ती फक्त आकडा म्हणायची आणि लिहायची. पन्नास. शंभर. मी वजनकाट्याच्या त्याच कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो आणि टेपचं टोक भिंतीला लावलं. तिनं लांबून ओरडून सांगितलं, “एकशे छेचाळीस.”

मी परत गेलो तेव्हा ती पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली होती. थप्पी अजून तिथंच लागते. ती आईच्या जागी बसली होती आणि समोर बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली. “इथून वजनकाटा दिसते.”

मला कळलं नाही.

“थो कोपरा. तुमी आत्ता उभे होते थो. पूर्ण दिसते इथून.”

मी तिच्या बाजूला बसलो. सव्वीस वर्षं त्या पटांगणाच्या कडेनं गेलो, पण पोत्यांना टेकून, खाली बसून कधी बघितलं नव्हतं. धानावर चिमण्या उतरल्या होत्या. त्यांच्या पलीकडं गोदामाची भिंत संपत होती आणि पुढं मोकळी जागा, आणि सरळ रेषेत वजनकाट्याची खोली, तिचा निळा दरवाजा, आणि दरवाजाशेजारचा तो कोपरा. तिथं कुणी बसलं असतं तर त्याचा शर्टसुद्धा ओळखू आला असता.

पुस्तकला त्या नऊ मिनिटांतल्या कितव्या मिनिटाला जागी झाली? वार विचारायच्या आधी तिनं काय बघितलं? बसमध्ये ती म्हणाली होती, भेले होते ना तुमी. ते टोपानं सांगितलेलं होतं की तिचं स्वतःचं?

कृतिकानं फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. अंतर तिनं लिहिलं होतं. बाकीचं मी भरलं. वेळ, अकरा बेचाळीस ते अकरा एक्कावन्न. साक्षीदार शेजारी होता का, नाही. रुग्णाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली का, होय, तीनदा.

शेवटचा प्रश्न असा होता: त्या वेळेत रुग्णाने साक्षीदाराला पाहिले होते का?

पेन हातात धरून मी त्या निळ्या दरवाजाकडे बघितलं. मग मी ॲम्ब्युलन्समध्ये त्या मुलीला द्यायला हवं होतं तेच उत्तर लिहिलं.

माहीत नाही.